अरमंडीत (पाय बाहेर वळवून, गुडघे वाकवून घ्यायची भरतनाट्यमची अर्धी बैठक) बसलं की उजवा गुडघा आतून दुखतो. डिसेंबरात अरंगेत्रम (पहिला पूर्ण एकल कार्यक्रम) आहे, काय करू?

तिश्रगती | १४ जून, रात्री ११:१०

नमस्कार. इतकी वर्षं इथे नुसती वाचत आले, लिहायची वेळ पहिल्यांदाच आली. लांबण लागणार आहे, आधीच सांगून ठेवते.

मी डोंबिवलीची, वय ३६, शाळेत सातवी-आठवीला गणित शिकवते. भरतनाट्यम लहानपणी चार वर्षं शिकले, मग दहावीच्या नावाखाली सुटलं (सगळ्यांचं सुटतं तसंच). २९व्या वर्षी पुन्हा धरलं. पहिल्या दिवशी रांगेत माझ्या दोन्ही बाजूंना बारा-तेरा वर्षांच्या मुली आणि मधे मी. त्यातली एक तर माझ्याच वर्गातली निघाली. सकाळी मी तिला अपूर्णांक शिकवायचे, संध्याकाळी ती मला नाट्ट अडवू (अडवू म्हणजे नाचाच्या मूळ हालचाली) दाखवायची. माझ्यापेक्षा ती बरी शिक्षिका होती.

तर आता आमच्या नाचाच्या ताईंनी डिसेंबरात अरंगेत्रम ठरवलं आहे. अलारिप्पू ते तिल्लाना पूर्ण मार्गम (ठरलेल्या क्रमाने सगळी नृत्यं), मधे चाळीस मिनिटांचं वर्णम. मी हरखून गेले. मेमध्ये शाळेला सुट्टी, म्हणून आठवड्यातून तीनदा दीड तास होता तो सराव रोज दोन-अडीच तासांवर नेला. पहाटे साडेपाचला गच्चीवर, पाणी यायच्या आत. जूनच्या पहिल्या आठवड्यात पाऊस आला, गच्ची शेवाळली, म्हणून हॉलमध्ये आले. हॉलमध्ये व्हिट्रिफाइड टाइल्स. खालच्या मजल्यावरच्या काकांनी दुसऱ्याच दिवशी जिन्यात गाठलं, म्हणून लहान मुलांसाठी मिळतात ते एकमेकांत अडकवायचे फोमचे मॅट आणून अंथरले.

मॅट आल्यापासून साधारण चार दिवसांत उजवा गुडघा सुरू झाला. वाटीच्या खाली आणि आतल्या बाजूला. आधी फक्त 'तै हत तै ही' हा अडवू तिसऱ्या काळात (सर्वांत जलद लयीत) करताना. आता स्टेशनचा पूल उतरतानाही. चढताना नाही, उतरताना! पेपर तपासायला तासभर बसून उठलं की पहिली पाच पावलं आजीबाईसारखी. सूज नाही, पडले-बिडले नाही. कंबरही भरून येते, पण ती काय, शिक्षकांची भरतेच.

हाडांच्या डॉक्टरांकडे जाऊन आले. एक्स-रे स्वच्छ. त्यांनी वय विचारलं, 'मग नाच कशाला?' विचारलं, गोळ्या आणि नी-कॅप लिहून दिली. तीन मिनिटांत बाहेर. नी-कॅप घातली की गुडघ्याला घाम येतो, बाकी फरक नाही.

ताईंना अजून सांगितलेलं नाही. त्या क्लासमध्ये 'अजून खाली, मांडी उघडा, टाचा जवळ' एवढंच सांगतात, आणि स्वतः साठीच्या पुढे असून आम्हा सगळ्यांपेक्षा खाली बसतात. त्यांच्यासमोर 'दुखतं' कुठल्या तोंडाने म्हणू? घरी म्हटलं तर सासूबाई सुधा चंद्रनचं उदाहरण देतात. जयपूर फूट लावून ती बाई नाचली, तुझं काय दुखतंय? (सुधा चंद्रनविषयी मला अपार आदर आहे. पण आमच्या घरात तिचं नाव पॅरासिटमॉलसारखं वापरतात.)

प्रश्न असे: हे सगळ्यांना होतं का? थांबू की नाचून नाचून सुटेल? आणि ताईंना कसं सांगू?

---

घरगुती_बटवा | १५ जून, सकाळी ६:५२

तिळाच्या तेलात ओवा आणि लसूण कडकडून घ्या, कोमट असताना रात्री चोळा. वर एरंडाचं पान गरम करून बांधा. आठ दिवसांत फरक. आमच्या आत्याबाई ८४व्या वर्षी पंढरपूरला चालत गेल्या.

---

तिश्रगती | १५ जून, सकाळी ७:३०

धन्यवाद. सासूबाईंना वाचून दाखवलं, त्या आता तुमच्या पक्षात आहेत.

---

ठाय_दून | १५ जून, दुपारी १:१५

मी कथकवाला, नागपूर. आमच्यात अरमंडी नसते, ताठ उभं राहून नाच. त्यामुळे 'आमचे गुडघे वाचले' असं मी बरीच वर्षं समजत होतो. वाचले वगैरे काही नाही. ततकारात (पायांच्या ठोक्यांत) गुडघे मागे ढकलून कुलूप लावल्यासारखे ताठ ठेवायची सवय लागते, आणि प्रत्येक ठोका मग सरळ वर कमरेला जातो. चक्कर डाव्या टाचेवर, म्हणून डावी टाच सकाळी जमिनीला टेकवत नाही.

पण लिहितोय ते दुसऱ्या कारणासाठी. एक्स-रे स्वच्छ आला म्हणून निर्धास्त होऊ नका. मी झालो होतो. नवरात्रात सलग कार्यक्रम, सिमेंटच्या स्टेजवर सतरंजी, एका पायात दीडशे घुंगरू आणि वर नऊ दिवसांचे उपास (फक्त साबुदाणा आणि चहा). पाचव्या दिवसापासून उजव्या नडगीवर दुखायला लागलं. एक्स-रे काढला, काही नाही. स्प्रे मारून तीन आठवडे नाचलो. मग रात्री झोपेतही ठणकायला लागलं तेव्हा एमआरआय, आणि नडगीच्या हाडाला बारीक चीर. असली चीर पहिले दोन-तीन आठवडे एक्स-रेत बहुधा दिसतच नाही, हे मला तेव्हा कुणी सांगितलं नाही. आठ आठवडे घरी बसलो. परत आलो तेव्हा पहिला महिना घुंगरू बांधले नाहीत. आमच्या गुरुजींना ते अशुभ वाटायचं, पण बोलले नाहीत.

तुमचं दुखणं वेगळं वाटतं. तरी एक बघा. हाडावर एका बोटाने दाबल्यावर रुपयाएवढ्या जागेतच जीव जातो का? रात्री पडल्या पडल्या दुखतं का? तसं असेल तर तेल चोळत बसू नका.

---

सांधेजोड | १५ जून, रात्री १०:४०

फिजिओथेरपिस्ट आहे, नाशिकला. त्याआधी भरतनाट्यम विशारदपर्यंत केलं, म्हणजे 'अजून खाली' मीही दहा वर्षं ऐकलेलं आहे. इथे बसून निदान करणार नाही, पण तुम्ही इतकं नीट लिहिलंय की चार गोष्टी सांगितल्याशिवाय राहवत नाही. @ठाय_दून यांच्या शेवटच्या दोन प्रश्नांना +१, त्यांची उत्तरं आधी द्या.

पहिली गोष्ट तासांची. आठवड्याला साडेचार तासांवरून तुम्ही एकदम पंधरा-सोळावर गेलात. नंतर जमीन बदलली, मग तीही बदलली. हे सगळं सहा आठवड्यांत. गुडघ्याने तक्रार केली नसती तरच मी चकित झाले असते.

दुसरी, ते फोमचे मॅट उद्याच गुंडाळून ठेवा. ठोक्याला मऊ लागतात म्हणून लोक आणतात, पण फोम उघड्या पायाला धरून ठेवतो. वरचं शरीर वळतं, पाऊल वळत नाही, आणि मधे असतो गुडघा. चांगली जमीन म्हणजे खाली पोकळी असलेली लाकडाची, जराशी दबून परत येणारी. ती आपल्यापैकी कितीजणींना मिळते, सोडा. पण टाइल्स आणि फोम यांत निवडायचं असेल तर टाइल्स, आणि ठोका हलका.

तिसरी आणि मुख्य. अरमंडीत दोन वेगवेगळ्या गोष्टी असतात आणि क्लासमध्ये त्या एका दमात मागितल्या जातात. एक, किती खाली बसलात. दुसरी, पाय किती बाहेर वळले. गुडघा हा वाकायचा आणि सरळ व्हायचा सांधा, पिळायचा नाही. बाहेर वळवायचं काम खुब्याचं. आता खुबा किती वळेल ते बरंचसं हाडाच्या घडणीवर असतं. मांडीच्या हाडाची मान कुठल्या कोनात बसली आहे, खोबण किती खोल आहे, हे जन्मापासून आणि वाढीच्या वयात ठरतं. छत्तिसाव्या वर्षी स्नायू कमावता येतात, खोबण बदलता येत नाही.

पण उघडा पाय फरशीला चिकटतो, म्हणून खुबा देईल त्याहून जास्त कोन आपण पायांत 'लावू' शकतो. समजा खुब्याने एका बाजूला ५० अंश दिले आणि तुम्ही पाऊल ८० वर नेऊन रोवलंत. उरलेले अंश कोण देणार? गुडघा, घोटा आणि तळपायाची कमान. गणिताच्या बाई आहात, वजाबाकी तुम्हीच करा.

घरी करून बघा. तुळतुळीत टाइलवर एकेका पावलाखाली वर्तमानपत्राचं एकेक पान ठेवा. खिडकीचा गज धरा. टाचा जवळ, गुडघे सरळ, आणि खुब्यातून पाय बाहेर वळवा. पानं पावलांबरोबर सरकतील. जिथे आपोआप थांबतील तो तुमचा खरा कोन. आता पानांवरच, गज धरून, हळूहळू खाली बसा. पानं थोडी आणखी उघडतील, ते ठीक आहे. खुबा वाकला की त्याच्या पुढचा जाड बंध सैल पडतो आणि थोडी जागा देतो. फरशीवर खडूने खूण करा. मग पानं काढा आणि नेहमीसारखी, क्लासमध्ये बसता तशी अरमंडी घ्या. दोन खुणांत किती अंतर पडतं ते कळवा.

तो बंध सैल पडण्यातच तुमच्या कमरेची गोम आहे. 'शिक्षकांची भरतेच' म्हणून तुम्ही ती एका वाक्यात उडवलीत, पण मी तिथेच थांबले. माकडहाड मागे काढून कमरेत कमान पाडली तरी तोच बंध सैल पडतो, आणि पाय जरा जास्त उघडल्यासारखे दिसतात. शरीर ही चोरी आपोआप शिकतं. गुडघ्याचं दुखणं आणि कमरेचं भरणं एकाच अरमंडीतून येत असण्याची दाट शक्यता आहे.

थांबायचं की नाही? पूर्ण थांबू नका, छाटा. तीन आठवडे उड्या नाहीत, मंडी अडवू (पूर्ण खाली बसून करायचे) नाहीत, तिसरा काळ नाही. वर्णमचा अभिनय बसून करा, जती (तालाचे बोल) तोंडाने आणि हातांनी करा. अरमंडी घ्यायची तेव्हा कागदाने दाखवलेल्या कोनात आणि दोन इंच वर. वाटी पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत राहते का ते मोबाइल गुडघ्याच्या उंचीवर ठेवून समोरून चित्रित करा. आरशात बघून कळत नाही, आरशात आपण आपल्याला हवं तेच बघतो.

व्यायाम: कुशीवर झोपून, टाचा जुळवून वरचा गुडघा शिंपल्यासारखा उघडायचा. चवड्यांवर सावकाश वर-खाली. आणि स्वयंपाकघरातला पाट घ्या. दुखऱ्या पायावर पाटावर उभं राहून दुसऱ्या पायाची टाच हळूच जमिनीला लावून परत वर यायचं. पूल उतरण्याची हीच तालीम. नाचताना दहापैकी तीनपर्यंत दुखलं तर चालेल, पण दुसऱ्या दिवशी सकाळी आदल्या दिवसापेक्षा जास्त दुखत असेल तर ते जास्त झालं, कमी करा.

गुडघा अडकला, सुजला किंवा मधेच दगा देऊन वाकला तर मात्र प्रत्यक्ष दाखवायला जा, आणि 'नाच सोडा' एवढंच न म्हणणारा डॉक्टर शोधा. आणखी एक खासगी प्रश्न, उत्तर इथे नको असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा: पाळी नियमित आहे का आणि सराव वाढवल्यावर खाणं वाढवलंत का? अरंगेत्रमसाठी बारीक व्हायच्या नादात हाडं उपाशी राहतात. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने २०१४ मध्ये या प्रकाराला खेळाडूंसाठी वेगळं नाव दिलं. नर्तकींनाही तो तेवढाच लागू आहे.

---

शुद्ध_बानी | १६ जून, सकाळी ९:०५

सगळं मान्य, पण 'दोन इंच वर' वाचून राहवलं नाही. अरमंडी म्हणजे भरतनाट्यमचा कणा. उंची तीन-चतुर्थांश झाली पाहिजे, गुडघे आणि टाचा मिळून नीट आकृती दिसली पाहिजे. १९३६ मध्ये रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी कलाक्षेत्र ही नृत्यसंस्था काढली तेव्हापासून त्या रेषेसाठी लोकांनी जन्म घालवले. उद्या प्रत्येकाच्या खुब्याप्रमाणे अरमंडी ठरली तर रांगेत दहाजणी दहा कोनांत दिसतील.

---

माडीवरची | १६ जून, दुपारी ४:२०

@शुद्ध_बानी, दहाजणी दहा कोनांतच असतात रे. फक्त आठजणी ते लपवतात. आणि त्या रुक्मिणीदेवी भरतनाट्यमकडे वळायच्या आधी बॅले शिकत होत्या. बॅलेवाल्यांना पाय किती उघडावा याची डोकेदुखी आपल्या आधीपासून आहे.

तिश्रगती, मी ६३ वर्षांची, पुण्यातली. तुला 'अगं' म्हटलं तर चालेल ना? माझा उजवा गुडघा ४१व्या वर्षी उघडावा लागला, आतली गादी फाटली होती. म्हणून बोलायचा थोडा अधिकार आहे.

मी शिकले सदाशिव पेठेतल्या एका वाड्याच्या माडीवर. खाली लाकडी तुळया, वर फळ्या, त्यावर माती. आम्ही दहा मुली तट्ट अडवू करायला लागलो की खालच्या बिऱ्हाडात आजोबांच्या ताटात माती पडायची. ते जिन्याखाली उभे राहून काठी आपटायचे आणि वर आमच्या बाई तट्टकळीवर (ताल धरायच्या लाकडी ठोकळ्यावर) काठी आपटायच्या. दोघांचा ठेका कधीकधी जुळायचा. पुढे वाडा पडला आणि क्लास शहाबादी फरशीच्या हॉलमध्ये गेला. तोच क्लास, त्याच बाई, तेच अडवू. वर्षभरात चौघींचे गुडघे बोलायला लागले. आम्हाला वाटलं, आपला सराव कमी पडतोय. फरशीचा विचार कुणाच्या डोक्यात आला नाही. ती माडी आमचे गुडघे सांभाळत होती हे मला ऑपरेशननंतर, घरी पाय लांब करून पडले होते तेव्हा सुचलं.

पुढे मी शिकवायला लागले तेव्हा आणखी एक घोळ केला. शिकवताना आपण तासभर पाटावर बसून काठी वाजवतो आणि मधेच, अंग थंड असताना, 'असं नाही, असं' म्हणत उठून दाखवतो. आणि दाखवतो ते नेहमी उजव्या पायाने. मुली दोन्ही बाजू करतात, बाई एकच. वीस वर्षं रोज. माझा उजवाच का गेला हे कुठल्याही डॉक्टरला विचारायची गरज पडली नाही.

आणि मांडवातली स्टेजं! गणपतीत पत्र्याच्या पिंपांवर टाकलेल्या फळ्या, वर हिरवा गालिचा, आणि गालिच्याखाली कुठे भेग, कुठे खिळा, ते तिरमानाच्या (जोरकस पदन्यासाच्या) वेळी पायाला कळायचं. कार्यक्रमाआधी मी अख्ख्या स्टेजवर अनवाणी चालून बघायचे. लोकांना वाटायचं, बाई भूमीला नमस्कार करतायत. तोही करायचे, पण आधी खिळे.

तुझ्या ताईंबद्दल. क्लास चालू असताना सांगू नकोस, सगळ्यांसमोर तर नाहीच. मुली गेल्या की, त्या चपला पायात घालायच्या आत. आणि 'दुखतं' असं म्हणू नकोस. आमच्या पिढीला 'दुखतं' ऐकू आलं की तोंडून 'होईल सवय' आपोआप निघतं, बाईंनी आम्हाला तेच शिकवलं. 'जरा बघता का, मला नीट जमत नाहीये' असं म्हण. बघायला सांगितलं की गुरूचा डोळा जागा होतो.

---

शुद्ध_बानी | १६ जून, सायं. ६:३३

खिळ्यांबाबत सहमत.

---

तिश्रगती | २३ जून, रात्री १०:०५

सगळ्यांना धन्यवाद. शाळा सुरू झाली, म्हणून उशीर. आधी प्रश्नांची उत्तरं. एका बोटाएवढ्या जागेत दुखत नाही, पसरट दुखतं. रात्री नाही. पाळी नियमित आहे. खाणं मात्र वाढवलं नव्हतं, उलट पोळी एकने कमी केली होती, कारण अरंगेत्रमचे कपडे शिवायला टाकायचे आहेत आणि शिंप्याच्या पट्टीची मला भीती वाटते. ती पोळी परत सुरू केली आहे.

आता कागद. शनिवारी दुपारी घरात कुणी नसताना केलं. सरळ उभी राहून कोनमापकाने मोजलं (आहे घरात, असणारच): उजवा ४०, डावा ५२. दोन पायांत बारा अंशांचा फरक! गज धरून खाली बसल्यावर उजवा ५०च्या आसपास. मग कागद काढून नेहमीची अरमंडी घेतली: दोन्ही ७८. म्हणजे डाव्याला थोडंफार उसनं आणि उजव्याला कर्ज.

मोबाइल तुळशीच्या कुंडीला टेकवून चित्रण केलं. सात वर्षं मला वाटत होतं की माझी अरमंडी क्लासमध्ये बरी म्हणण्यासारखी आहे. पडद्यावर बघितलं तर उजवी वाटी अंगठ्याच्याही आत घुसलेली, तळपायाची कमान जमिनीला टेकलेली, आणि मागे कंबर अशी की त्यावर डबा ठेवावा. तीन वेळा बघितलं आणि मग मोबाइल पालथा घातला.

मॅट भाच्याला देऊन टाकले. खालच्या काकांना सांगितलं की तीन आठवडे उड्या नाहीत. ते म्हणाले, का, बरं नाही का? मला उगीच भरून आलं.

पाटाचा व्यायाम सुरू आहे. सासूबाई म्हणतात, पाटावर पाय देऊ नये. म्हणून जुना चौरंग घेतला. तो उंच पडतोय का?

---

सांधेजोड | २३ जून, रात्री ११:२०

उंच पडतो, सध्या नको. जिन्याची सर्वांत खालची पायरी वापरा, तीही उंच वाटली तर जाड पुस्तकं बांधून घ्या. (पुस्तकांवर पाय देऊ देतील का, विचारा.)

डाव्या-उजव्यातला फरक बऱ्याचजणींत असतो, घाबरू नका. पण मग दोन्ही पाय ७८ वर जुळवायचा हट्ट सोडावा लागेल. उजवा जिथे थांबतो तिथे डाव्यालाही आणा. प्रेक्षकांना कोन मोजता येत नाही, दोन पाय सारखे नाहीत एवढंच डोळ्याला टोचतं. आणि खाली बसणं हळूहळू परत येईल. कोन कमी केला की बऱ्याचजणींना उलट जास्त खाली बसता येतं, कारण गुडघा भांडत नाही. हे @शुद्ध_बानी यांच्यासाठी.

---

तिश्रगती | १९ जुलै, रात्री ९:४५

कळवायचं राहून गेलं होतं. पूल आता न थांबता उतरते, शेवटच्या पाच-सहा पायऱ्यांना थोडी जाणीव होते. दुसऱ्या काळापर्यंत आले आहे. मंडी अडवू अजून नाही.

ताईंना गेल्या मंगळवारी सांगितलं. माडीवरच्या मावशींनी सांगितलं तसंच, मुली गेल्यावर, चपलांच्या आधी. 'जरा बघता का' म्हटलं. त्यांनी बघितलं आणि म्हणाल्या, 'वर बसतेयस.' मी म्हटलं, हो, मुद्दाम. मग कागदाचं सगळं सांगितलं. कोनमापकाचं सांगितलं नाही, तेवढी अक्कल होती.

त्या काही बोलल्या नाहीत. टेबलावरचं वर्तमानपत्र घेतलं, दोन पानं काढली, फरशीवर ठेवली आणि माझ्या खांद्याला धरून स्वतः उभ्या राहिल्या. पाय वळवले. पानं सरकत गेली, सरकत गेली आणि जवळपास एका रेषेत जाऊन थांबली. मग तशाच खाली बसल्या, साठीच्या पुढे, साडी नेसून, कंबर सरळ, वाट्या दुसऱ्या बोटावर. मला आधी भयंकर हेवा वाटला.

मग त्यांनी मला पुन्हा पानांवर उभं केलं आणि स्वतः खाली बसून माझी पावलं बघत राहिल्या. बराच वेळ. 'उजवा इतकाच?' म्हणाल्या. मी म्हटलं, इतकाच. त्यांनी डावं पाऊल हाताने धरून उजव्याइतकं आत आणलं आणि म्हणाल्या, 'मग अलारिप्पू असाच बसवू. पण खांदे पाड, खांद्यांना काही झालेलं नाहीये.'

निघताना म्हणाल्या, गुरुवारी सगळ्याजणींना पेपर आणायला सांग. ग्रुपवर मेसेज टाकला, 'गुरुवारी प्रत्येकीने वर्तमानपत्र आणावे.' सातवीतली ती माझी विद्यार्थिनी (आता कॉलेजात आहे) लगेच विचारते, टीचर, कुठल्या तारखेचं?

---

सांधेजोड | १९ जुलै, रात्री १०:१०

तारीख कुठलीही चालेल, गुळगुळीत पुरवणी नको, ती फार सरकते. आणि पहिल्या दिवशी प्रत्येकीला भिंत किंवा गज धरायला लावा. दहाजणी एकदम कागदावर म्हणजे दोघी तरी पडणार.

---

घरगुती_बटवा | २० जुलै, सकाळी ६:४०

तेल चालू ठेवा.